नको म्हटलं तर रस्ता देणार काय?



परवा इथे कुणीतरी विचारलं होतं, जुन्या सुप्याच्या बाजाराचा एखादा फोटो कुणाकडे आहे काय म्हणून. फोटो माझ्याकडे नाही. दाराची एक चौकट आहे. ती कुठून आली ते सांगतो, आणि त्या निमित्तानं बरीच वर्षं मनात साठलेलं एक मतही लिहून टाकतो. लांबलंय. चहा घेऊन बसा.

मी सुप्याचा. काळी आणि पांढरी या दोन नद्या जिथे मिळत होत्या तिथलं आमचं गाव. बाबांचं किराणा दुकान होतं. आठवड्याच्या बाजाराला आसपासच्या डोंगरांतून कुणबी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उतरायच्या. टोपलीत मुडली, कणंगं, सुरण, शिकेकाई, मध. जाताना मीठ, रॉकेल, सुकी मासळी, गूळ न्यायच्या. पैसे नसले की बाबा वहीत लिहायचे. भात झोडपून झालं की ती उधारी न मागता फिटायची. बाबा म्हणायचे, "रानातल्या माणसाची उधारी बुडत नाही, बाजारातल्याचीच बुडते."

मग धरण आलं. काम सत्तरच्या दशकात सुरू झालं, १९८७ ला पुरं झालं. एकशे एक मीटर उंचीची भिंत. सुपं पाण्याखाली गेलं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, पुष्कळ लोक रामनगरला गेले, आम्ही धारवाडला काकांकडे आलो. निघताना बाबांनी दुकानाच्या दाराची चौकट उखडून ट्रकमध्ये घातली. आई म्हणाली, "चौकट नेऊन काय करणार? भिंत कुठाय?" बाबा काही बोलले नाहीत. आज ती चौकट धारवाडच्या घरात माझ्या खोलीला बसवलेली आहे. हे लिहिताना समोरच दिसतेय.

आता कबुली. नोकरी हुबळीत लागली आणि तिथे पक्षी बघणाऱ्या मंडळींच्या संगतीत पडलो. रविवार उजाडला की दांडेली. धनेश पाहिले, रानकुत्री पाहिली, एकदा पहाटे काळा बिबट्या रस्ता ओलांडताना पाहिला, तो अजून स्वप्नात येतो. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ चं. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा आम्ही लाइन बझारातून पेढे आणून वाटले होते. (२०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं.) त्या उत्साहात मी एका वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं: वाघ वाचवायचे असतील तर जंगलाच्या आतली गावं बाहेर काढली पाहिजेत, वगैरे. छापून आलं. कौतुकानं आईला वाचून दाखवलं.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आपल्याला उठवलं तेव्हा तूच ट्रकात बसून रडत होतास ना रे?"

मी म्हटलं, "अगं आई, ते धरणासाठी, हे वाघासाठी. यात फरक आहे."

"उठणाऱ्याला काय फरक?" असं म्हणून ती देवापुढच्या वाती वळायला लागली.

त्या दिवशी मी चिडलो होतो. खरं सांगायचं तर तिला काही कळत नाही असंच वाटलं होतं.

पुढे काही वर्षांनी लहानपणीच्या एका कुणबी मित्राचा निरोप आला. त्याच्या गावात बैठक होती, पुनर्वसनाची. साहेब कन्नडमध्ये बोलणार, म्हाताऱ्यांना कन्नड धड येत नाही, तू ये आणि दोन्हीकडचं सांग. गावाचं नाव लिहीत नाही, साहेबांचं तर नाहीच. माणूस सभ्य होता, आवाज न चढवता बोलत होता.

गाडी जिथपर्यंत जाते तिथून पुढे दोन तास चालत गेलो. वाटेत मित्र दाखवत होता: ही शाळा, पोरं कमी झाली म्हणून बंद. हा विजेचा खांब, तार कधी आलीच नाही. पावसाळ्यात ओढा चढला की माणूस आजारी पडला तर घोंगडीची झोळी करून बांबूला बांधायची आणि चौघांनी खांद्यावर न्यायचं. त्याची वहिनी तशी नेताना वाटेतच गेली. हे त्यानं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला काय बोलावं ते सुचेना.

बैठक देवळापुढे झाली. साहेबांनी योजना सांगितली. त्या वेळी एका कुटुंबाला दहा लाख मिळत होते (२०२१ पासून ते पंधरा लाख झालेत). मग ते म्हणाले, "बलवंत इल्ला. निम्म इच्छे." मी सांगितलं, सक्ती नाही, तुमची खुशी.

पुढे बसलेली एक म्हातारी उठली. सत्तरीची तरी असेल. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तांकां विचार. नाका म्हणल्यार रस्तो दितले काय?"

नको म्हटलं तर रस्ता देणार काय?

मी ते कन्नडमध्ये सांगितलं. साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हा गाभा क्षेत्राचा भाग आहे, रस्त्याची परवानगी अवघड आहे. हेही मी सांगितलं. म्हातारी खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, म्हणजे खुशी नाही.

मंडळी, सगळ्या कायद्याचं सार त्या बाईनं एका वाक्यात काढलं. मला मात्र घरी येऊन पुस्तकं उघडावी लागली. वन्यजीव कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पातून माणसं हलवायची तर आधी त्यांचे हक्क ठरवून नोंदवले पाहिजेत, पूर्ण माहिती देऊन ग्रामसभेची आणि त्या त्या कुटुंबाची संमती घेतली पाहिजे, आणि मुळात त्यांच्या राहण्यानं वाघाला भरून न येणारं नुकसान होतंय आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही असं ठरलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यातही तेच आहे. मग पहिला प्रश्न असा, की हक्क नोंदवले किती जणांचे?

इथे आपल्या जोयड्याच्या कुणब्यांची एक खास अडचण आहे. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. इतरांना मात्र त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कर्नाटकातले कुणबी तोच दर्जा कित्येक वर्षं मागतायत, अजून नाही. म्हणजे घाटाच्या पलीकडे राहणारा मामा आदिवासी आणि अलीकडे राहणारा भाचा नाही! भाच्यानं १९३० चा कागद आणायचा. कुठून आणायचा? इंग्रजांनी कुमरी बंद केली तेव्हापासून हे लोक एका रानातून दुसऱ्या रानात ढकलले गेले. कागद ठेवायला घराला दार तरी कुठे होतं?

खरं म्हणजे नियमात वाट आहे. नुसता सरकारी कागदच हवा असं नाही. वडीलधाऱ्यांची साक्ष, जुन्या घरांचे चौथरे, स्मशान, देवस्थान हेही पुरावे धरता येतात. पण हे गावात जाऊन, गावाच्या भाषेत सांगणार कोण? नोटीस कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये. कन्नड ही आपल्या राज्याची भाषा आहे, तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी तिच्यातच वाढलो. पण ज्या कागदावर म्हातारीनं अंगठा लावायचा तो तिला तिच्या बोलीत वाचून दाखवायला नको काय?

आता कुणी म्हणेल, भावनेनं जंगल टिकत नाही. बरोबर. म्हणून भावना बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, ती आपल्याच परिसरातली आहे.

सत्तरच्या दशकात उत्तर कन्नडातला बांबू संपत चालला होता. कागद गिरण्यांना तो नाममात्र दरानं मिळायचा. दोष कुणाला दिला? गावकऱ्यांना आणि त्यांच्या गुरांना. राज्य सरकारनं अभ्यासाला पुण्याचे माधव गाडगीळ यांना बोलावलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोड सोपी व्हावी म्हणून ते साफ करायची रीत पडली होती, आणि साफसफाई म्हणजे बांबूची निगा असाच समज होता. गाडगीळांना दिसलं ते उलटंच. काटे गेले की कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरं, रानजनावरं ते खाऊन टाकतात. गावकरी घरापुरता बांबू तोडताना काटे तसेच ठेवत. म्हणजे बांबू जगवायची खरी रीत माहीत होती ती ज्यांना चोर ठरवलं त्यांना.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. १९८४ मध्ये सरकार आणि हरिहरच्या एका कारखान्यानं मिळून कर्नाटक पल्पवुड नावाची कंपनी काढली. धारवाडसकट चार जिल्ह्यांतली सुमारे तीस हजार हेक्टर गावठाणातली, गायरानातली जमीन निलगिरीसाठी द्यायची ठरली. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायानं, एस. आर. हिरेमठ आणि सोबत्यांनी, गावं उभी केली. सुप्रीम कोर्टात अर्ज गेला, त्यात डॉ. शिवराम कारंतांसारखा माणूस होता. आणि १४ नोव्हेंबर १९८७ ला हानगल तालुक्यातल्या कुसनूरला सत्याग्रह झाला. नाव होतं 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा. निलगिरीची रोपं उपटायची आणि त्याच जागी माणसाच्या, गुराच्या उपयोगाची झाडं लावायची. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो, एका मित्राच्या मागे लागून गेलो होतो. बायका पदर खोचून रोपं उपटत होत्या ते आठवतं. १९९१ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली.

कुसनूरला मी टाळ्या वाजवल्या. आणि वीस वर्षांनी वर्तमानपत्राला ते पत्र लिहिलं. माणूस किती सहज विसरतो बघा.

तर मुद्दा असा, की लोकांच्या हाती रान दिलं तर ते खाऊन टाकतील ही भीती आपल्याच भागात खोटी ठरलेली आहे. कुमट्याजवळ हलकार गावाचं रान इंग्रजांच्या काळापासून गावची समिती सांभाळते. कुणी किती लाकूड न्यायचं, राखणदाराला काय द्यायचं, ते गावच ठरवतं. मधे सरकारनं ही व्यवस्था मोडायला काढली तेव्हा हलकारची मंडळी कोर्टात गेली आणि रान राखलं. सिरसीजवळ सळकणीच्या लोकांनी सप्टेंबर १९८३ मध्ये झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली, तेच अप्पिको आंदोलन. चामराजनगरच्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिग आदिवासींना २०११ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि तो तर व्याघ्र प्रकल्प आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये असे हक्क मिळाले आणि पुढे ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. यातलं एकही रान संपलेलं नाही.

आणि आपलंच बघा. दरवर्षी माघात धारवाडकडच्या बैलगाड्या उळवीच्या चन्नबसवण्णांच्या जत्रेला या जंगलातूनच जातात. रान आणि माणूस यांची ओळख तुटली तरच रान वाचतं असं असतं, तर त्या गाड्या केव्हाच थांबल्या असत्या. आपल्या पेढ्याचंच घ्या. धारवाडी पेढ्याचं नातं गवळी समाजाच्या म्हशींशी, आणि त्या म्हशी कलघटगी, हळियाळ, यल्लापूरच्या रानाकडेला चरून वाढलेल्या. पेढा आपल्याला हवा, गौळवाडा मात्र नकाशावर नको, असं कसं चालेल?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहितो, नाहीतर हे भाषण होईल. गावात सगळे साधू नसतात. शिकार होते, मी फासे पाहिलेत. आणि पुष्कळ तरुणांना खरोखरच बाहेर यायचंय. त्यांना पोरांसाठी शाळा हवी, फोनला रेंज हवी, बायकोच्या बाळंतपणाला दवाखाना हवा. माझ्या त्या मित्राच्या धाकट्या भावानं पैसे घेतले आणि तो हळियाळकडे राहायला गेला. त्याला मी दोष देत नाही. त्याची बायको त्याच झोळीतून गेली होती. तो म्हणतो, "दादा, तू कंदमुळांवर भाषण दे, मला पोरगी जगवायचीय." याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक सांगतो. तो गेला तो वाघासाठी नाही गेला, रस्ता नव्हता म्हणून गेला. पन्नास वर्षं रस्ता, वीज, शाळा द्यायची नाही आणि मग विचारायचं, खुशीनं जाताय ना? अशा खुशीला संमती म्हणता येत नाही. जून २०२४ मध्ये व्याघ्र प्राधिकरणानं राज्यांना पत्र पाठवलं. देशभरातल्या गाभा क्षेत्रांत ५९१ गावं आणि सुमारे ६४,८०० कुटुंबं अजून आहेत, त्यांच्या स्थलांतराचं वेळापत्रक द्या म्हणून. वेळापत्रक आलं की खुशी कुठे उरते?

मला काय वाटतं ते आता सरळ लिहितो.

पहिलं, हक्क आधी, पुनर्वसन नंतर. ज्या गावाचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली निघालेले नाहीत त्या गावात पैशाची गोष्टच काढू नये. हक्क हातात असलेला माणूस 'हो' म्हणाला तर त्या 'हो'ला किंमत आहे.

दुसरं, राहणाऱ्याला राहण्याची सोय. हायवे नको हो. पावसात टिकेल अशी पायवाट, ओढ्यावर साकव, घरावर सौर दिवा, महिन्यातून एकदा येणारी नर्स. यानं कुठला वाघ मरतो?

तिसरं, रोजंदारी नको, भागीदारी हवी. फेब्रुवारी ते एप्रिल वणवा लागतो तेव्हा हिरव्या फांद्या घेऊन आधी धावतात ती गावची पोरं. कॅम्पवर रात्र काढणारे बरेचसे वॉचर तिथलेच. पण कुठल्या पट्ट्यात गवत जाळायचं, पर्यटकांच्या जीपा किती सोडायच्या, हे ठरवताना त्यांना कुणी विचारत नाही. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला कायद्यानं एक प्रतिष्ठान असतं. त्यात गावच्या माणसाला नुसतं खुर्चीवर बसवू नका, त्याचं म्हणणं ठरावात लिहा. गणेशगुडीच्या राफ्टिंगमधून, जंगल सफारीतून येणाऱ्या पैशातला ठरलेला वाटा ग्रामसभेच्या खात्यावर जाऊ द्या. रान जगलं तर आपल्याला मिळतं हे एकदा दिसलं की फासे लावणाऱ्याला गावच धरेल.

चौथं आपल्यासाठी, हुबळी-धारवाडकरांसाठी. शनिवारी आपल्याच गाड्या दांडेलीला भरून जातात. जंगलाच्या शांततेवर कुणब्याच्या कोंबड्यापेक्षा आपल्या स्पीकरचा भार जास्त आहे. गेलात तर गावच्या माणसाच्या घरी उतरा. जोयड्याला हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो, तिथे जा. काय काय पिकवतात हे लोक ते बघून डोळे उघडतील. आणि एक टोपली मुडली घेऊन या, घासाघीस न करता.

आता माझा मित्र. तो राहिलाय. साठी ओलांडली, गुडघे दुखतात. मागच्या मार्चमध्ये फोन केला तर उचलला नाही, दोन दिवसांनी त्याचाच आला. डोंगराला आग लागली होती म्हणाला, दोन रात्री तिथेच होतो. मी विचारलं, रोज मिळाला काय? हसला. म्हणाला, "अर्ध्यांना मिळाला. पण आमचा देव त्याच डोंगरावर आहे. रोज मिळत नाही म्हणून जळू द्यायचा काय?"

ती म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. गावातच गेली. तिला न्यायला रस्ता लागला नाही.

आई तर त्याआधीच गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. आई, तुझं बरोबर होतं. उठणाऱ्याला फरक पडत नाही. म्हणून उठवण्याआधी विचारायला हवं, आणि 'नको' हे उत्तरही उत्तर म्हणून ऐकून घ्यायला हवं.

तुमच्यापैकी कुणी जुन्या सुप्याचे असाल, कुणाचं आजोळ जोयड्याकडे असेल, कुणी खात्यात नोकरी केली असेल, तर खाली लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा. खात्यातल्या मंडळींचं मला खास ऐकायचंय, त्यांच्यातही रात्र रात्र जंगलात काढणारे लोक आहेत, मला माहीत आहे. आणि फोटो मागणाऱ्या ताई, चौकटीचा फोटो उद्या टाकतो. उजव्या बाजूला खिळ्यानं कोरलेल्या रेघा दिसतील. ती बाबांची उधारीची खूण, वही नसली की ते तिथेच रेघ ओढायचे. सात रेघा आहेत. कुणाच्या ते आता सांगणारं कुणी नाही.